विमान शिकायला गेले, शाल-नारळ घेऊन परत आले

शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. माझ्या पुढ्यातली विमानाची दांडी काढून, कापडी पिशवीत गुंडाळून सीटच्या मागे ठेवलेली आहे, हे मला या वेळी कळलं. त्याच्या थोडंसंच आधी माझ्या खांद्यावर शाल टाकण्यात आली होती, हातात नारळ देण्यात आला होता आणि त्याचा व्हिडिओही काढून झाला होता. मी तिथे विमान चालवायला शिकायला गेले होते.

रागात लिहू नये म्हणून काही दिवस थांबले. राग तसाच आहे, तेव्हा आता लिहिते. क्लबचं नाव या लेखात नाही. घाटावर, उसाच्या मळ्यांमधली एक खाजगी धावपट्टी, एवढं पुरे. शेवटी त्यांना एक मुदत दिली आहे. ती उलटली तर नावाचं बघू.

ज्यांना हौशी वैमानिक व्हायचं स्वप्न पडतं त्यांच्यासाठी आधी थोडी कामाची माहिती. विमान चालवायला कोट्यधीश असावं लागतं असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. नोकरी करणाऱ्या वैमानिकाचं शिक्षण महाग असतं, खरं आहे. पण हलकी क्रीडा विमानं हा वेगळाच प्रकार आहे. दोन माणसांचं, लहान मोटारीच्या निम्म्या वजनाचं विमान. बरीचशी पेट्रोल पंपावरच्या पेट्रोलवर चालतात. त्यासाठी हौशी परवाना असतो. दिवसाउजेडी, हवा स्वच्छ असताना, स्वतःच्या आनंदासाठी उडायचं. भाडं घेऊन कोणाला न्यायचं नाही. वैद्यकीय तपासणी, थोडा अभ्यास, परीक्षा आणि शिक्षकाबरोबरचे तास. सगळा खर्च हप्त्याहप्त्याने, तासागणिक होतो, आणि एकूण धरला तरी लोक दारात जी नवी गाडी उभी करतात तिच्यापेक्षा कमीच भरतो. नियम बदलत असतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, स्वतः वाचा. मी वाचले. किमान वय लिहिलेलं आहे. कमाल वय कुठेही सापडलं नाही. चष्मा, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं आणि अडुसष्ट वर्षं यांच्यासकट मान्यताप्राप्त डॉक्टरांनी मला पास केलं.

आता मी कोण. मी सुलभा, रत्नागिरीची. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, वेधशाळेत नोकरी केली, निवृत्त झाले. वेधशाळेतलं माझं आवडतं काम फुग्याचं. सकाळी हायड्रोजनचा फुगा भरायचा, सोडायचा आणि दुर्बिणीच्या यंत्राला डोळा लावून त्याचा पाठलाग करायचा. फुगा कसा सरकतो त्यावरून वरचा वारा समजतो. मी कोन वाचून ओरडायची, शेजारी बसलेले सहकारी लिहून घ्यायचे. आमच्याकडे सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यामुळे फुगा आधी भाट्याच्या किनाऱ्याकडे निघायचा. मग वर गेल्यावर त्याचं मन बदलायचं आणि तो परत आमच्या डोक्यावरून सड्याकडे, म्हणजे आतल्या कातळाच्या पठाराकडे, यायचा. लहान होत होत असा एक ठिपका उरायचा की तो खरंच दिसतोय की डोळ्याला नुसती सवय झालीय ते कळू नये. मग नाहीसा व्हायचा. आम्ही शेवटचा आकडा लिहून चहा प्यायचो. ते आकडे तारेने जायचे आणि कुठल्यातरी विमानतळावर कुठलातरी वैमानिक ते वाचायचा. त्यांच्यापैकी एकाचंही तोंड मी पाहिलं नाही.

पुढे यंत्रं बदलली, माणसं बदलली, मी घरी आले. मुलाने, निखिलने, दोनदा विमानाने दिल्लीला नेलं. त्याला उडणं म्हणणं धाडसाचं आहे. ती एसटीच, फक्त खिडकी उघडत नाही.

शुक्रवारी सकाळी निघालो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि झुबेदा. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर. तिचा नवरा आयुष्यभर बोटीवर, दोन्ही मुलगे आखातात. तिने माझ्यापेक्षा कितीतरी जास्त विमानप्रवास केलेत आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून. गाडी माझी, चालवणारी मी. हातखंब्यावरून महामार्गाला लागलो. चौपदरीकरण कुठे झालंय, कुठे होतंय आणि कुठे होणार असल्याची पाटी आहे. संगमेश्वरच्या आसपास वेळ हाताशी ठेवा. पेट्रोल चिपळूणलाच भरून घ्या, घाटात शोधत बसू नका.

चिपळूणच्या पुढे पोफळी आली तसा झुबेदाने डबा उघडला. तिने सांदणं केली होती आणि अंडी उकडून आणली होती.

“सुलू, खरं सांग. तुला हे कोणी भरवलं?”

“कोणी नाही. मनात होतं.”

“मनात तर माझ्या पण पुष्कळ आहे गो. मी काय घाटावर घेऊन जात्येय का तुला?”

“तू चल म्हणालीस तर येईन.”

“पडलीस तर निखिलला काय सांगू?”

“सांग, विमानासकट पडली. नुसती नाही पडली.”

ती एवढी हसली की अंडं सीटखाली गेलं. ते अजून मिळालेलं नाही. वास आला की मिळेल.

कुंभार्ली घाटात ट्रकांची रांग होती. वळणावर पुढचा ट्रक मागे सरकतोय असं वाटतं तेव्हा हॅण्डब्रेकवरचा हात काढायचा नाही, आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. मी हा घाट दर वर्षी चालवते. निखिलला ते माहीत आहे. “पोचलीस की मेसेज कर,” एवढंच म्हणतो. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

घाटमाथ्यावर टपरीत कांदाभजी आणि चहा घेतला. दोघींचे मिळून एका हॉटेलातल्या कॉफीइतके पैसे झाले नाहीत. वर आलं की हवाच वेगळी. आपल्याकडची दमट, अंगाला चिकटणारी हवा खाली राहते आणि कोरडी थंडी नाकात शिरते. आपण घाट चढून जातो तेव्हा खरं तर वाऱ्याचा एक थर ओलांडतो. ज्या उंचीचे आकडे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगितले, त्या उंचीवर भजी खात उभं राहायचं म्हणजे मौज वाटली. झुबेदाला सांगितलं. ती म्हणाली, “खा आधी, गार होतील.”

मुक्काम तालुक्याच्या गावी एका साध्या लॉजमध्ये केला. स्वच्छ चादरी, गरम पाण्याची बादली सकाळी, खाली खानावळ. पिठलं-भाकरी चांगली, पण आमटी तिखट. आपल्या माणसाने दही मागून घ्यावं.

शनिवारी सात वाजता धावपट्टीवर पोचलो. धुकं उसावर पसरलेलं. एका पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान उभं होतं. पांढरं, वर पंख असलेलं, पुढे एकच पंखा. जवळ गेले आणि त्याच्या अंगावर हात ठेवला. गार होतं, दवाने ओलं. पहाटे फुगा भरताना रबराला असाच गारवा असायचा. झुबेदा म्हणाली, “हे एवढंसं? याच्यापेक्षा आमची होडी मोठी.”

क्लबचे मॅनेजर आले. नाव देत नाही. माणूस गोड, तेवढाच तर त्रास. नोंदणी करताना आपत्कालीन संपर्क म्हणून मी निखिलचा नंबर दिला होता. मॅनेजरांनी हात जोडले.

“आजी, या या! आमच्या क्लबचं भाग्य. या वयात ही हौस म्हणजे कमाल आहे.”

“मी शिकायला आले आहे. पहिल्या पाठाचे पैसे भरलेत.”

“हो हो, सगळं होणार. आधी छोटासा सत्कार.”

मी ‘नको’ म्हणेपर्यंत शाल खांद्यावर आली. आपल्या लोकांना म्हाताऱ्या माणसाचं काय करावं ते सुचलं नाही की ते त्याचा सत्कार करतात. शाल घातली की तो माणूस खुर्चीत बसतो, हसतो आणि पुढे काही मागत नाही. मोबाइलवर बोलायला लावलं. “आजींचं स्वप्न आज पूर्ण होतंय,” असं मॅनेजर कॅमेऱ्याला म्हणाले. मी म्हटलं, “अजून सुरूही झालेलं नाही.” ते नंतर कापलं असणार.

शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिला मी कॅप्टन म्हणेन. तिने मला विमानाकडे नेलं आणि उजव्या सीटवर बसवलं. शिकणारा डावीकडे बसतो, हे मी वाचलं होतं. विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, आज इकडे बसा,” आणि तिने नजर चुकवली. बसले. पट्टा लावला. तिच्या दोन पायांच्या मधून दांडी वर आलेली होती. वैमानिक तिला स्टिक म्हणतात, तिच्यावरच सगळं उडणं असतं. माझ्या दोन पायांच्या मध्ये एक गोल भोक होतं आणि त्यावर चिकटपट्टी.

“माझी कुठे आहे?”

“मागे. काढून ठेवलीय.” मग हळूच म्हणाली, “काल तुमच्या घरी फोन झाला. सांगितलं, आजींना नुसती चक्कर मारून आणा, हात लावू देऊ नका.”

उतरावं की बसावं? उतरले असते तर ताठ मानेने उतरले असते, आणि आयुष्यात विमानात पुढे बसले नसते. बसून राहिले. त्याचं मला वाईट वाटत नाही.

धुकं उठल्यावर निघालो. धावपट्टी खडबडीत, खालून दगड उडालेले ऐकू येतात. मग ते आवाज एकदम थांबले. बस, एवढंच होतं ते. उसाची शेतं तिरकी झाली, विहिरी नाण्यांसारख्या चमकल्या, एका घराच्या गच्चीवर कोणीतरी वाळवण घालत होतं, त्या बाईने वर पाहिलं. वर गेल्यावर विमान एकाएकी डावीकडे ओढलं गेलं, मग शांत झालं.

“वारा बदलला,” मी म्हणाले.

“हो. कसं कळलं?”

कसं कळलं म्हणजे? अशाच जागी फुग्याचं मन बदलायचं. मी ते खालून, यंत्रातून, कितीदा पाहिलं होतं. इतकी वर्षं मी त्या ठिपक्याकडे बघत आले आणि आज ठिपक्यातून खाली बघत होते. खाली कुठेतरी डोळा लावून बसलेली एक बाई असावी असं वाटत राहिलं. साडीचा पदर कमरेला खोचलेली, कोन ओरडून सांगणारी. मी चष्मा पुसला. कॅप्टन तेवढा वेळ दुसऱ्या बाजूला बघत राहिली. चांगल्या घरची मुलगी आहे.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “मॅडम, पाय पुढे घ्या. पेडल आहेत तिथे.”

“चालेल?”

“मला स्टिकबद्दल सांगितलंय. पेडलबद्दल कोणी काही बोललेलं नाही.”

पायांचा विचार कोणी केलाच नव्हता! मी उजवं पेडल दाबलं. जोरात दाबलं, गाडीचा ब्रेक असल्यासारखं. विमानाचं नाक एवढं वळलं की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. कॅप्टन म्हणाली, “हलकेच. भाकरी थापताना हात लावता तसं.” मला भाकरी येत नाही, मी घावणे करते, पण मुद्दा समजला. डावं थोडं. उजवं थोडं. नाक डोंगराच्या एका शेंड्यावर धरून ठेवायचं. सुटायचं, परत आणायचं. इतकं वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही आणि मला थांबायचं नव्हतं.

उतरल्यावर मी तिला विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, “बिनधास्त लिहा. मी नियमाबाहेर काही केलेलं नाही.” म्हणून लिहिलं.

मॅनेजर पुढे आले. “कसं वाटलं आजी?”

“पाठ कधी सुरू होणार?”

“पाठ... म्हणजे बघा, तुमच्या मुलाची परवानगी असेल तर आम्हाला काय? त्यांचं एक पत्र आणा.”

“माझ्या मुलाचा इथे काय संबंध? तपासणी माझी झाली. पैसे मी भरले.”

“तसं नाही हो आजी. उद्या काही झालं तर घरचे आम्हालाच विचारणार. तरुण मुलं आली की आम्ही त्यांच्या वडिलांना फोन करतो, तसंच हे.”

यावर झुबेदा, जी इतका वेळ शेडच्या दारात उभी राहून चहा पीत होती, पुढे आली. “मग माझ्या मुलाला पण फोन लावा. मस्कतला आहे. विचारा, अम्मी इथे उभी आहे, तिला चहा दिलाय, चालेल का?”

मॅनेजर हसले. पैसे परत देऊ केले. मी घेतले नाहीत. पैसे परत घेतले की पाठही संपला.

गाडीत बसून निखिलला फोन लावला. तो पुण्याला असतो, नोकरी चांगली, स्वभावही चांगला. हे सगळं वाचणार आहे, म्हणून जसं झालं तसंच लिहिते.

“तू काय सांगितलंस त्यांना?”

“अगं, त्यांचाच फोन आला. घरचं कोणी सोबत आहे का विचारत होते. मी म्हटलं, आईची हौस आहे, एक चक्कर मारून आणा. जपून.”

“हात लावू देऊ नका, हे कोण म्हणालं?”

“मी म्हणालो.”

“कुंभार्ली घाट मी चालवत आले. तेव्हा नाही म्हणालास.”

“घाट वेगळा, आई.”

“घाटात ट्रक असतात.”

“बाबा गेल्यावर तूच आहेस मला,” तो म्हणाला.

“पोचले की मेसेज करते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर झुबेदाने शाल स्वतःच्या गुडघ्यांवर घेतली, कारण तिला काच खाली ठेवायची होती आणि थंडीही वाजत होती. नारळ उचलून कानाशी हलवला.

“सुलू, यात पाणीसुद्धा नाही गो. घाटावरून कोकणात नारळ आणतेयस, आणि तो पण असला. शेजारी बघतील तर काय म्हणतील!”

पोफळीच्या जवळ गाडी थांबवायला लावून तिने तो एका झाडाखाली ठेवला. जो नेईल त्याचा. चिपळूण मागे पडल्यावर ती म्हणाली, “त्याची भीती खोटी नाही पण.” मी म्हटलं, “माहीत आहे.” ती म्हणाली, “आणि तुझं पण खोटं नाही.” झुबेदा अशी आहे. दोन्हीकडून बोलते आणि दोन्हीकडे बरोबर असते.

आता घरी आहे. काय राहिलं म्हणाल तर पायांत राहिलंय. सकाळी चहा उकळेपर्यंत उभी असते तेव्हा उजवा तळवा आपोआप थोडा दाबला जातो आणि मग डावा, हलकेच. वेधशाळेच्या रस्त्याने मुद्दाम फिरायला जाते. तिथे आता मला ओळखणारं कोणी नाही. कुंपणाबाहेर उभी राहते आणि वर बघते. पूर्वी वर बघताना पुढे काय झालं ते कळायचं नाही. आता थोडं माहीत आहे. वर जिथे मन बदलतं तिथे एक हिसका बसतो, आणि तो पोटात कळतो.

तुम्हाला जायचं असेल तर जा. हिवाळ्यात जा, सकाळी जा. जाण्याआधी फोनवर विचारा की डावी सीट मिळणार ना आणि दांडी जागेवर असणार ना. आपत्कालीन संपर्क म्हणून मैत्रिणीचा नंबर द्या.

आता क्लबला. मला शिकाऊ म्हणून घेणार की नाही, ते लेखी कळवा. घेणार असाल तर डाव्या सीटवर, दांडीसकट, आणि माझ्या कोणत्याही नातेवाइकाला न विचारता. घेणार नसाल तर कारण लिहा, आणि ते कारण माझं वय असेल तर कुठल्या नियमाप्रमाणे तेही लिहा. मुदत ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. तारीख उगाच ठरवलेली नाही. होळीनंतर जमीन तापू लागते, सकाळचीच हवा उसळते आणि नवशिक्याला ती झेपत नाही. मग पावसाळा. मग पुढचा हिवाळा, आणि माझ्या वयाला डॉक्टरांचा दाखला फार दिवस टिकत नाही. तोंडी उत्तर नको, हा सगळा घोळ फोनवर झालेला आहे.

आणि निखिल, तुझंही उत्तर त्याच तारखेपर्यंत, लेखी. परवानगी पाठवू नकोस, ती मी मागितलेली नाही. पुढच्या वेळी त्यांचा फोन आला तर तू काय सांगशील, तेवढं एक वाक्य लिहून पाठव.